पेंढ्याखाली

सकाळचा उजेड त्या स्वयंपाकघरात कधी सरळ येत नसे. आधी तो समोरच्या इमारतीच्या भिंतीवर पडे, तिथल्या फिकट पिवळ्या रंगाला घासून जरासा मळे, आणि मग कुणाचा तरी वापरून झालेला असावा तसा खिडकीतून आत उतरे. प्रथम नळाच्या तोटीवर. तिथे त्याचा एक लहानसा, डोळ्यांना न खुपणारा ठिपका होई. मग ओट्याच्या कडेवर, उपड्या घातलेल्या कपांच्या बुडांवर, साबणाच्या वडीला पडलेल्या भेगांमध्ये. तिथून खाली फरशीवर यायला तो बराच वेळ घेई. रात्री एकसंध, काळसर वाटणाऱ्या त्या फरशीवर मग एकेक ओरखडा उमटू लागे: टेबल ओढल्याचा, खुर्ची सरकवल्याचा, आणि कशाचा ते कुणालाच न आठवणारा एक लांब, वाकडा ओरखडा, जो दाराशी येऊन संपत असे. तो रोज या वेळी चहाचा कप पुढे ठेवून हे पाहत बसे. पाहण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, आणि बहुधा म्हणूनच ते इतका वेळ पाहता येई. आज मात्र त्या उजेडाचा त्याला हेवा वाटला. उजेडाला काही ठरवावं लागत नाही. तो जिथे पडतो तिथलं जे असेल ते दिसतं. ते जिवंत की मेलेलं, हे त्याला कुणी विचारत नाही. चहावर साय धरली होती. ती त्याने चमच्याने बाजूला सारली, ती पुन्हा मधे आली, त्याने पुन्हा सारली, आणि तेवढ्यात मागे फरशीवर रबराचा जड, चिकटून सुटणारा आवाज झाला.

तो आवाज त्याने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. वळून पाहिलं तर दारात वडील उभे होते: अंगात घरातला सदरा, त्यावर घरातलाच कोपरात विरलेला स्वेटर, आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे काळे रबरी बूट. निवृत्त झाल्या दिवशी ते बूट धुऊन, पुसून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर गेले होते. ते उतरवायला वडील केव्हा स्टुलावर चढले, कुणाला न विचारता कसे चढले, या प्रश्नांनी तो क्षणभर रागावला, आणि त्या रागाचा त्याला आधार वाटला. कुठे निघालात, असं त्याने विचारलं.

"तुझ्याबरोबर," वडील म्हणाले. "काल फोनवर चाललं होतं ना तुझं, उद्या सांगतो, उद्या नक्की सांगतो. म्हटलं, काय सांगतो ते बघू तरी."

"बाबा, तिथे चालणं व्हायचं नाही तुम्हाला."

"मी तिथे चालत होतो तेव्हा तू रांगत होतास. चहा पी. साय काय ढकलतोयस मघापासून?"

त्याने चमचा खाली ठेवला. वडिलांशी समोरासमोर बसून बोलणं त्याला लहानपणापासून जमत नसे, वडिलांनाही जमत नसे. दोघांमध्ये टेबल आलं की दोघेही टेबलाशीच बोलल्यासारखे बोलत. घरात ते दोघंच होते, आणि हे असं बोलणं आता घरातल्या भांड्यांसारखं अंगवळणी पडलं होतं. वडिलांनी उभ्या आयुष्यात एकच काम केलं होतं: चर खणणं. शहराबाहेरच्या विस्तीर्ण दलदलीतलं पाणी काढून टाकायचं, म्हणजे खालचा शेकडो वर्षांचा कुजलेला पाला वाळून त्याची काळी, हलकी, जळाऊ माती होते. तिला पीट म्हणत. यंत्रं ती खरवडून नेत. खरवडण्यासारखं संपलं तेव्हा कंपनी निघून गेली आणि मागे राहिलं ते क्षितिजापर्यंत पसरलेलं काळं, उघडं रान, ज्यावर गवताची काडीदेखील धरत नसे. आता मुलाला जी नोकरी होती ती त्याच रानाला पुन्हा ओलं करायची. वडिलांचे चर अडवायचे, पाणी तुंबवायचं, आणि त्या काळ्या मातीवर मॉस पसरून त्यावर पेंढा अंथरायचा. शेवाळ म्हटलं की लोकांना टाकीतला बुळबुळीत थर आठवे; हे तसं नव्हतं, हे मऊ, ताठ, चांदणीच्या आकाराचे शेंडे असलेलं होतं, म्हणून कामावर सगळे त्याला मॉसच म्हणत. नोकरी लागल्याची बातमी ऐकून वडील म्हणाले होते, मी खणलं, तू बुजव, घरात कुणीतरी कायम कामाला राहील. तो त्यांचा विनोद होता. शेजाऱ्यांना, वाण्याला, दवाखान्यातल्या नर्सला त्यांनी तो सांगितला होता, आणि प्रत्येक वेळी मुलगा बाजूला उभा राहून हसला होता.

आज त्याला एक शब्द सांगायचा होता: हो किंवा नाही. गेल्या वर्षी थंडी ओसरताना त्यांच्या तुकडीने रानाचा पहिला तुकडा तयार केला होता आणि त्यावर मॉस पसरलं होतं. ते जगलं की मेलं, एवढंच मॅडमना हवं होतं. मॅडम म्हणजे या सगळ्या कामाच्या प्रमुख. गुडघे दुखत असल्यामुळे त्यांना वाकता येत नसे, म्हणून त्या तुकड्याची देखरेख त्यांनी त्याच्यावर सोपवली होती. तो मन लावून पाहतो, असं त्यांचं मत होतं. जगलं असेल तर पुढच्या आठवड्यात यंत्र मोठ्या चरावर जाणार होतं. मोठा चर म्हणजे साऱ्या रानाची धमनी, वडिलांच्या हातचा सगळ्यात खोल आणि सगळ्यात लांब चर. तो अडवला की उरलेलं सगळं रान भिजणार होतं. मेलं असेल तर काम इथेच थांबणार होतं, कारण मॉस आणायचं ते दूरच्या एका शाबूत दलदलीवरून, तिची वरची साल अलगद सोलून, आणि मरणार असेल तर ती पुन्हा सोलायची नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. त्या शाबूत दलदलीला तुकडीतले लोक माहेर म्हणत. मॉस उतरवून घेताना ड्रायव्हर म्हणाला होता, की नव्या नवरीला रुळायला वेळ द्या, दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडाकडे बघत बसू नका. सगळे हसले होते. तोही हसला होता, आणि हसता हसता त्याने एका पोत्यात हात घातला होता.

पोतं गरम होतं. ही एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती, आणि वर्षभर तो हिला धरून होता. जमीन सपाट करणारं यंत्र बिघडलं म्हणून माहेरहून आलेली पोती ताडपत्रीखाली तशीच पडून राहिली होती. वरून ती गार होती. पण ढिगाच्या पोटातल्या एका पोत्यात त्याने कोपरापर्यंत हात घातला, तेव्हा आत झोपलेल्या जनावराच्या कुशीसारखी ऊब लागली. दाबून भरलेली हिरवळ आतल्या आत तापते आणि शिजून मरते, हे त्या कामातलं पहिलं शिक्षण. त्याने मॅडमना सांगितलं होतं. त्याच्या आवाजात सांगितलं होतं, म्हणजे निम्मं वाऱ्याने नेलं. त्यांनी वरच्या पोत्यात हात घातला, गार आहे की रे, म्हणाल्या, आणि पसरायला सुरुवात झाली. पण त्याला त्रास देत होतं ते हे नव्हतं. त्या उबेत हात असताना त्याच्या छातीतलं काहीतरी सैल पडलं होतं. सुटका झाल्यासारखं. भीती वाटायला हवी होती, हळहळ वाटायला हवी होती, आणि वाटलं ते असं. कशापासून सुटका, हे त्याने स्वतःला तेव्हा विचारलं नाही, पुढेही विचारलं नाही. फक्त ती ऊब लक्षात ठेवली.

जीपमध्ये वडील पुढे बसले आणि तो मागे, फावडी, दोऱ्या आणि पाण्याची पातळी मोजायच्या नळ्यांच्या शेजारी. ड्रायव्हर आणि वडील यांची जुनी मैत्री असावी तशा गप्पा पहिल्या सिग्नललाच सुरू झाल्या. ड्रायव्हरने विचारलं, काका, तुमच्या वेळी पाणी काढत होता ते नेमकं कुठे ठेवलंत, आता शोधताना आमचा जीव जातोय. वडील म्हणाले, तुमच्या साहेबाला विचारा, त्याला सगळं आठवतं, मला मेल्याला कालची भाजी आठवत नाही. साहेब म्हणजे तो. तो मागे काचेला डोकं टेकवून बसला. बंद दुकानांची शटरं, दुधाच्या रिकाम्या क्रेटची चळत, पुलाखाली गाडीची वाट पाहत उभी असलेली माणसं, प्रत्येकाचा चेहरा अजून घरात विसरलेला. हे सगळं मागे जात होतं आणि त्याला वाटत होतं की आपण उलटे चाललो आहोत. त्याला सगळं आठवतं, हे खरं होतं का? चराच्या काठाने चालणारे वडील आठवत. सुट्टीच्या दिवशी पाण्याची ओढ बघायला ते जात आणि त्याला बरोबर नेत. वाट अरुंद, म्हणून ते पुढे आणि तो मागे. घरी टेबलापाशी न सुचणारं सगळं वडिलांना तिथे सुचे, आणि ते मागे न वळता बोलत राहत: पाणी कसं फसवतं, माणसं कशी फसवतात, आजोबा कसे चिडत. तो ऐकत असे, आणि मधूनच कंटाळा आला की चर ओलांडून पलीकडच्या काठावर उडी मारी, पुन्हा अलीकडे येई. वडिलांची मान त्याला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त पाठ होती. उन्हाने भाजलेली, मधोमध एक आडवी घडी असलेली मान. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी घर नातेवाइकांनी भरलं होतं, आणि वडिलांनी कुणाला न सांगता त्याला चरावर नेलं होतं. सगळा काठ ते गप्प चालले. शेवटाला पोहोचल्यावर, समोर काळं पाणी आणि पुढे वाट नाही अशा जागी, ती मान म्हणाली होती, आता आपण दोघंच रे. एवढंच. ते वाक्य घरात कधी बोललं गेलं नाही. ते तिथेच राहिलं, त्या सरळ, काळ्या पाण्याच्या रेषेवर, आणि यंत्राने त्यात माती ढकलायची की नाही हे आता त्याला सांगायचं होतं.

रानाच्या तोंडाशी पत्र्याची खोली होती. मॅडम पायरीवर बसून बुटातला खडा काढत होत्या. वडिलांना पाहून त्या उठल्या, बसा म्हणाल्या, त्यांनी खणलेल्या चरांबद्दल काही आदराचं बोलल्या, आणि वडिलांनी तो आदर पाहुण्याने दिलेल्या मिठाईसारखा न उघडता बाजूला ठेवला. मग त्या त्याच्याकडे वळल्या. यंत्रवाल्याला दुपारपर्यंत कळवायचंय, असं त्यांनी सांगितलं. त्याने तोंड उघडलं. पातळी बरी आहे, रंग संमिश्र आहे, काही भाग फिका वाटतो, पण फिका म्हणजे कोरडा असंही म्हणता येत नाही, असं काहीतरी तो बोलू लागला आणि बोलताना त्याचं त्यालाच ते धुक्यासारखं वाटलं.

"तुझं हे असं असतं बघ," मॅडम म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. "मी तुला आभाळाचं वर्णन विचारलेलं नाही. जा, बघ, आणि येऊन मान हलव. उभी हलव नाही तर आडवी."

खरं तर तिथे बघून कळत नसे, आणि हेच त्याच्या गोंधळाचं खरं घर होतं. मॉसच्या पानातल्या बहुतेक पेशी मुळातच मेलेल्या, पोकळ असतात. पाणी साठवायचं काम त्याच करतात. त्यामुळे शिजून मेलेलं मॉसही पाणी तितकंच पितं, तितकंच फुगतं, मुठीत पिळलं की बोटांतून तितकंच गळतं. पाऊस पडून गेला की मेलेल्यावरही हिरवी झाक येते. पायाने दाबून कळत नाही, हाताने कळत नाही, दुरून तर नाहीच. गुडघे टेकून, पेंढा बाजूला करून, भिंग लावून नवा शेंडा फुटलाय का ते बघावं लागतं. नवा शेंडा फक्त जिवंतालाच येतो. त्याच्या खिशात भिंग होतं. वर्षभर तो त्या तुकड्यावर जात होता, नळ्यांतली पातळी मोजत होता, पायाने पेंढा दाबत होता, मूठभर उचलून पिळत होता, आणि हातातून गळणाऱ्या तपकिरी पाण्याकडे पाहून, सांगता येत नाही, असं स्वतःशी म्हणत परतत होता. सांगता येत नाही. या वाक्यात राहायला जागा होती. त्यात पोतं गरम होतं आणि पेंढा ओला होता, दोन्ही खरं होतं, आणि त्या दोन खऱ्यांमधून चालत गेलं तर कुठेच पोहोचावं लागत नव्हतं.

मोठ्या चराच्या काठाने ते निघाले. वाट अरुंद, म्हणून वडील पुढे. बूट प्रत्येक पावलाला चिकटत होते आणि सुटत होते. मान बारीक झाली होती, घडीच्या आता दोन घड्या झाल्या होत्या, पण ती तीच होती, आणि पाठीमागून पाहताना वडील म्हातारे झाले आहेत हे कळायला बराच वेळ लागे. पाणी उजव्या हाताला, इतकं काळं की त्यात आभाळ अधिकच पांढरं दिसे. वडील उल्हासाने बोलत होते. दोरी लावून कसा खणला, कोण कोण होतं, कोणता मुकादम पाण्यात पडला आणि वर येऊन पहिलं काय बोलला. त्याचं अर्धं लक्ष होतं. मग न ठरवता, त्या मानेकडे बघत, तो म्हणाला, "बाबा, हा बुजवला तर?"

"तर बुजेल."

"तुम्हाला काही वाटणार नाही?"

"काय वाटायचंय?" वडील न थांबता म्हणाले. "मला पगार खणायचा मिळत होता. जपायचा नाही."

त्याला उगाच कुणीतरी मधे हात घालून ढकलल्यासारखं झालं. वर्षभर तो ज्यांच्या वतीने घुटमळत होता ते पुढे बूट फटकारत चालले होते, आणि त्यांना हलकं वाटत होतं. की ते दाखवत होते? पाठीवरून कळेना. लहानपणी पाठीवरून सगळं कळायचं. आणि जे कधीच बोलायचं नाही असं त्याने धरलं होतं तेच तोंडातून निघालं. आई गेली त्यानंतर आपण इथेच आलो होतो, असं तो म्हणाला.

वडील थांबले. त्यांनी वळून पाहिलं, आणि त्या वाटेवर त्यांचा चेहरा पाहायची त्याला इतकी सवय नव्हती की त्याने नजर पाण्यावर नेली.

"इथे? छे. हा तेव्हा होता कुठे?"

"हाच होता, बाबा. शेवटपर्यंत गेलो होतो आपण."

"अरे, हा खणला तेव्हा तू शाळा संपवून शिकायला परगावी होतास. तुझ्या खोलीचं भाडं पाठवायचो मी इथून. तेव्हा गेलो तो धाकटा. धाकटा म्हणायचो आम्ही त्याला, आणि हा मोठा. तू सगळा वेळ या काठावरून त्या काठावर उड्या मारत होतास. मला वाटत होतं, आई गेलीय याची, आणि हा बेडकासारखा उड्या काय मारतोय. मग वाटलं, मारू दे." वडिलांनी हनुवटीने पाणी दाखवलं. "ह्याच्यावरून मार बघू उडी."

त्याने चराकडे पाहिलं. पलीकडचा काठ लांब होता. तिथलं गवत वेगळं ओळखू येत नव्हतं इतका लांब. माणूस सोडा, हरिणालाही दोनदा विचार करावा लागला असता. त्याने आठवणीकडे पाहिलं: एक मुलगा पाय जुळवतो, उडी मारतो, पलीकडे टेकतो, मागे वळतो. दोन्ही गोष्टी त्याच्याजवळ इतकी वर्षं शेजारी शेजारी होत्या, उडी आणि हे पाणी, आणि त्या एकमेकींत बसत नाहीत हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. वडील चुकत असतील, असं त्याने म्हणून पाहिलं. त्यांना कालची भाजी आठवत नाही. पण हा विचार पाण्यात टाकलेल्या बुचासारखा वरच राहिला, खाली जाईना.

"मग धाकटा कुठेय?" त्याने विचारलं.

"ते मला काय विचारतोस? तुम्हीच बुजवलात." वडिलांनी पुढे पसरलेल्या पिवळट पेंढ्याकडे हात केला. "तो खांब दिसतो ना, तिथून आडवा जायचा, असा, तुमच्या त्या पेंढ्याखालून. माती काय छान दाबलीय पण. मला आधी ओळखूच आला नाही."

गेल्या वर्षी तो तिथे उभा होता. खुंटी धरून. यंत्राचा सोंडेसारखा हात ओल्या पीटचे गोळे उचलून एका अरुंद, गाळाने निम्म्या भरलेल्या खाचेत दाबत होता, आणि ते नीट बसतंय ना हे तो पाहत होता, कुणीतरी काही विचारलं त्यावर हसत होता. वारा होता. दुपारी त्या भरलेल्या जागेवरच बसून त्याने डब्यातला पाव खाल्ला होता. त्याला काहीही वाटलं नव्हतं. ज्या वाक्यासाठी तो वर्षभर मोठ्या चराभोवती दोन्ही हात पसरून उभा होता, ते वाक्य त्याच्या बुडाखाली होतं आणि तो पाव खात होता. मग तो राखत होता ते काय? या पाण्याशी त्याची ओळखच नव्हती. हे कुण्या परक्याचं पाणी होतं, वडिलांच्या पगाराचं, त्याच्या परगावच्या खोलीचं. त्याला हसू येईल असं वाटलं, पण जे आलं ते हसू नव्हतं, आणि रडूही नव्हतं. उभ्या उभ्या आपलं वजन कुठल्या पायावर आहे हे कळेनासं होतं तसं काहीतरी होतं.

वडील पेंढ्यावर पोहोचले होते. जमीन त्यांच्या बुटांखाली जराशी दबत होती आणि पाय उचलला की वर येत होती. ते तिथे एकदा पुढे, एकदा मागे झुकून पाहत होते, नव्या गादीवर झोपण्याआधी माणूस पाहतो तसे.

"स्पंज झालाय रे," ते म्हणाले. "आमच्या वेळी इथे टाच आपटली तर धूळ उडायची."

ते पाणी आहे, बाबा, त्याने सांगितलं. मेलेलंही पाणी धरतं. त्यावरून काही कळत नाही. हे त्याने इतक्या घाईने सांगितलं की वडिलांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, दुसऱ्यांदा, आणि या वेळी त्याला नजर कुठे न्यावी हे सुचलं नाही.

"मग कळतं कशावरून?"

"भिंगाने. नवे शेंडे बघावे लागतात."

"आहे का भिंग?"

"आहे."

"मग उभा काय राहिलायस?" आणि थोडं थांबून, आवाज खाली आणून वडील म्हणाले, "तुला ते मेलेलं हवंय का रे?"

दूर पत्र्याच्या खोलीजवळ ड्रायव्हर जीपच्या टपावर काहीतरी बांधत होता. त्याच्या हाताच्या हालचाली आधी दिसत आणि आवाज मागून येई. पांढऱ्या गोंड्यांचं जे थोडं गवत आपोआप आलं होतं ते वाऱ्याने एका बाजूला झुकलं होतं. दुपारपर्यंत वेळ होता. नाही म्हणून परत गेलं तर कुणी तपासायला येणार नव्हतं. मॅडमचे गुडघे, त्याचा मन लावून पाहण्याचा लौकिक, आणि ते पोतं, सगळे त्याच्या बाजूने साक्ष देणार होते. यंत्र दुसरीकडे जाईल. मोठ्या चरातून पाणी वाहत राहील, रान त्या वाटेने सुकत राहील, आणि काठावरची वाट राहील. पण त्या वाटेवर आता काय होतं? एक मुकादम पाण्यात पडला होता. वर येऊन तो काय बोलला, हे त्याने मघाशी नीट ऐकलंसुद्धा नव्हतं.

तो खाली बसला. आधी उकिडवा, मग एक गुडघा, मग दुसरा. पँटमधून गार ओल वर चढली. पेंढा वरून वाळलेला, आत काळा पडत चाललेला, जुन्या कागदासारखा थरांनी सुटणारा. वडीलही त्याच्या शेजारी वाकू पाहत होते, बूट आड येत होते, शेवटी त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टेकला आणि कसेबसे खाली आले. दोघांची डोकी जवळ आली. त्यांच्या श्वासाला सकाळच्या चहाचा वास होता. घरात टेबलाच्या दोन बाजूंना बसणारे ते दोघे इतके जवळ कधी आले होते हे त्याला आठवेना, आणि आठवलं असतं तरी ते खरं असेल याचा आज भरवसा वाटला नसता. त्याने बोटांनी पेंढा बाजूला केला. तो सहज सुटला. इथला पेंढा आजूबाजूच्यापेक्षा सैल होता, पूर्वी कुणीतरी उचलून पुन्हा घातल्यासारखा, आणि तो उचलणारी बोटं कुणाची हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं.

या वर्षीची थंडी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. तेव्हाही तो इथेच बसला होता, एकटा, आणि पेंढा उचलल्यावर त्याला काहीतरी दिसलं होतं. थेंब असेल, असं तो स्वतःशी म्हणाला होता. थेंबावर ऊन पडलं की असं हिरवं चमकतं. भिंग खिशातून निम्मं बाहेर आलं होतं आणि परत गेलं होतं. मग त्याने पेंढा पूर्ववत केला, हळुवार, कडेने दाबून, झोपलेल्याच्या अंगावरून सरकलेलं पांघरूण ओढावं तसा, आणि उठताना त्याच्या ओठांवर ते वाक्य तयार होतं. सांगता येत नाही. बसमध्ये, जिन्यात, अंथरुणात ते त्याच्याबरोबर होतं, आणि जितकं ते म्हणावं तितकं ते खरं वाटत गेलं होतं.

आता त्याने भिंग डोळ्याला लावलं. आधी सगळं पाण्यासारखं हललं. मग वडिलांचा हात खांद्यावर स्थिर झाला, त्याचाही हात स्थिर झाला, आणि तपकिरी, मऊ पडलेल्या जुन्या काड्यांच्या मधून एक शेंडा दिसला, हिरवा, ताठ, चांदणीच्या टोकांनी उघडलेला. त्याच्या शेजारी दुसरा. मग जिकडे भिंग न्यावं तिकडे.

"काय?" वडिलांनी विचारलं. "आहे का काही?"

मॉस जिवंत होतं, आणि हे त्याला थंडी संपल्यापासून माहीत होतं.